सुरी लागण्याआधीची दहा मिनिटं

स्तनातली कर्करोगाची गाठ काढायची आहे. रुग्ण पूर्ण भुलीखाली आहे, तिला कसलीच जाणीव नाही. तरीही सुरी चालवण्याआधी शल्यविशारद गाठीभोवती, तिच्या सहाही बाजूंना, अर्धा टक्का लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. जास्तीत जास्त साठ मिलिलिटर. मग सात ते दहा मिनिटं थांबतात. त्यानंतर नेहमीसारखंच ऑपरेशन होतं. या थांबण्याने पुढच्या काही वर्षांत वाचणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढते, असा निष्कर्ष मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने सप्टेंबर 2022 मध्ये पॅरिसला भरलेल्या युरोपीय कर्करोग परिषदेत मांडला. 2023 मध्ये तो ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ या नामांकित नियतकालिकात छापून आला.

लिग्नोकेन आपल्याला नवीन नाही. अंबरनाथ पूर्वेला स्टेशनबाहेरच्या कुठल्याही दाताच्या दवाखान्यात दाढ काढण्याआधी हिरडीत टोचतात ते हेच. ‘झायलोकेन’ या नावाने ते जास्त ओळखीचं आहे. स्वीडनच्या निल्स लॉफ्ग्रेन यांनी ते 1943 मध्ये तयार केलं आणि 1948 पासून ते बाजारात आहे. म्हणजे औषध पाऊणशे वर्षांचं, खर्च शंभर रुपयांच्या आतबाहेरचा, आणि त्याच्यासाठी कुठलंही नवं यंत्र लागत नाही. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरहून रोज कुणी ना कुणी फाइल पिशवीत घालून लोकलने परळला टाटाला जात असतं. त्याच परळच्या रुग्णालयाने हा प्रश्न विचारला आणि अकरा वर्षं चिकाटीने त्याचं उत्तर शोधलं. भूल आणि ऑपरेशनच्या आगेमागे घेतली जाणारी काळजी यांवरचं संशोधन कसं चालतं आणि आपल्यासारख्या सामान्य रुग्णाला त्याचा काय उपयोग, हे समजून घ्यायला याहून जवळचं उदाहरण नाही.

प्रश्न कुठून आला

या अभ्यासाचे प्रमुख डॉ. राजेंद्र बडवे हे स्तनाच्या कर्करोगाचे शल्यविशारद आणि टाटा मेमोरियल सेंटरचे माजी संचालक. ऑपरेशनच्या त्या दोन-तीन तासांत शरीरात नेमकं काय घडतं, याचा माग ते तरुणपणापासून घेत आले. लंडनच्या गाइज रुग्णालयात असताना 1991 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं : मासिक पाळीच्या कोणत्या टप्प्यावर ऑपरेशन झालं, यावर रुग्णाचं पुढचं आयुष्य काही प्रमाणात अवलंबून दिसतं. या निरीक्षणावर पुष्कळ वाद झाला. मग मुंबईत एक हजार स्त्रियांवर चाचणी झाली. ऑपरेशनच्या काही दिवस आधी निम्म्या जणींना प्रोजेस्टेरॉनचं एक इंजेक्शन दिलं आणि उरलेल्यांना दिलं नाही. 2011 मध्ये निकाल आला. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर फायदा दिसला नाही. काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेलेल्यांमध्ये मात्र तो दिसला. म्हणजे पदरात अर्धवट उत्तर पडलं. पण ऑपरेशनची वेळ ही केवळ गाठ कापून काढण्याची वेळ नाही, त्या वेळी काही बरंवाईटही घडत असतं, हा विचार टिकून राहिला.

पुढचा प्रश्न त्यातूनच निघाला. गाठीला हात लागला, ती दाबली गेली, कापली गेली की तिच्यातल्या पेशींना धक्का बसतो. काही पेशी सुटून रक्तात जाऊ शकतात. या पेशींच्या पृष्ठभागावर सोडियमची ये-जा करणारे मार्ग असतात आणि पेशींच्या हालचालीत, आजूबाजूच्या भागात घुसण्यात त्यांचा वाटा असतो, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. मज्जातंतूंमधले असेच मार्ग बंद करून लिग्नोकेन वेदना थांबवतं. मग सुरी लागण्याआधीच गाठीभोवती लिग्नोकेन पसरवून ठेवलं तर त्या पेशींनाही आवर बसेल का?

कल्पना सुरेख आहे. पण वैद्यकात सुरेख कल्पना शेकड्यांनी फोल ठरल्या आहेत. म्हणून तिची कसोटी घ्यावी लागली.

कसोटी कशी घेतली

भारतातल्या अकरा कर्करोग केंद्रांत मिळून सोळाशे स्त्रिया या अभ्यासात आल्या. सगळ्यांचा रोग सुरुवातीच्या टप्प्यातला होता आणि आधी केमोथेरपी न देता थेट ऑपरेशन करण्याजोगा होता. इंजेक्शन कोणाला द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवलं नाही आणि रुग्णांनीही नाही. नशिबाच्या चिठ्ठीसारखी निवड झाली. 796 जणींच्या वाट्याला इंजेक्शन आलं, 804 जणींच्या वाट्याला नाही. पुढचे उपचार, म्हणजे केमो, रेडिएशन, हार्मोनच्या गोळ्या, दोन्ही गटांना प्रचलित नियमांप्रमाणेच मिळाले.

या चिठ्ठीचं महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांनी आपल्या मनाने निवड केली असती, तर धडधाकट, तरुण, लहान गाठीच्या रुग्णांना नकळत इंजेक्शन जास्त मिळालं असतं. मग त्या जास्त जगल्या तर श्रेय इंजेक्शनचं की मुळातल्या चांगल्या प्रकृतीचं, हे कधीच कळलं नसतं. चिठ्ठीने निवड केली की वय, गाठीचा आकार, घरची परिस्थिती, मधुमेह, आपल्याला माहीत असलेलं आणि नसलेलं सगळं दोन्ही गटांत सारखं वाटलं जातं. मग फरक उरतो तो फक्त इंजेक्शनचा.

निकषात न बसलेल्या सतरा जणी वगळून 1,583 स्त्रियांचा हिशेब मांडला गेला. साधारण पावणेसहा वर्षांच्या पाठपुराव्यात इंजेक्शनच्या गटात 79 मृत्यू झाले, दुसऱ्या गटात 110. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात 90.1 टक्के होतं, दुसऱ्या गटात 86.4 टक्के. रोग न उलटता पाच वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे 86.6 आणि 82.6 टक्के. लिग्नोकेनमुळे कोणालाही त्रास झाल्याची नोंद नाही. सोप्या हिशेबात सांगायचं तर साधारण सत्तावीस जणींना इंजेक्शन दिलं तर पाच वर्षांत एकीचा जीव जास्तीचा वाचतो. एवढाच फायदा देणारी कर्करोगाची नवी औषधं लाखांच्या घरात जातात.

तरीही या निकालावर शंका घेतल्या गेल्या, आणि त्या घेतल्या जाणं हीच विज्ञानाची तब्येत चांगली असल्याची खूण. दुसऱ्या गटाला कसलंच इंजेक्शन दिलेलं नव्हतं, साधं सलाईनसुद्धा नाही. त्यामुळे फायदा लिग्नोकेनचा की गाठीभोवती द्रव भरल्याचा, हे काटेकोरपणे सांगता येत नाही. आज सुरुवातीलाच केमो घेणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी आहे, त्यांच्याबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही. इतर अवयवांच्या कर्करोगाबद्दलही नाही. दुसऱ्या देशांत, दुसऱ्या हातांनी तोच प्रयोग व्हायला हवा, असं अनेक तज्ज्ञांनी म्हटलं. ते रास्तच आहे.

त्याच विषयावरचा आणखी एक मोठा अभ्यास शेजारी ठेवला की हे नीट समजतं. कर्करोगाच्या ऑपरेशनला कोणती भूल दिली यावर रोग उलटणं अवलंबून असतं का, हा प्रश्न भूलतज्ज्ञांना बरीच वर्षं छळत होता. श्वासावाटे दिलेला वायू आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, पाठीजवळच्या नसा बधिर करून शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दिलं तर ती शाबूत राहते, असा अंदाज होता. लहान लहान अभ्यासांत तसं दिसतही होतं. अमेरिकेतले डॉ. डॅनियल सेसलर आणि आठ देशांतले त्यांचे सहकारी कामाला लागले. दोन हजारांवर स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन्ही गटांत रोग उलटण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फरक शून्य. अंदाज कितीही पटणारा असला तरी तो खोटा निघू शकतो. त्या उत्तरानेही रुग्णांचं भलंच झालं. स्तनाच्या कर्करोगात भुलीची निवड रोग उलटेल या भीतीने नव्हे, तर रुग्णाच्या सोयीने आणि प्रकृतीने करता येते, हे कळलं.

अनुभव पुरेसा का नसतो

इतक्या काटेकोर चाचण्या लागतात कशाला, हे भुलीच्या इतिहासातून कळतं. बोस्टनमध्ये 16 ऑक्टोबर 1846 रोजी ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली आणि 1847 च्या मार्चमध्ये ती कोलकात्यात वापरली गेली. जानेवारी 1848 मध्ये तिथे क्लोरोफॉर्मही आलं. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. तेव्हापासून डॉक्टरांत वाद पेटला : क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय?

या वादाचा निकाल लावायचा प्रयत्न झाला तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पदरी हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिल्याचा अनुभव होता. फक्त श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीची काळजी नको, असं ते ठामपणे सांगत. 1888 आणि 1889 मध्ये दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. दुसऱ्यासाठी निजामाने पैसे दिले आणि ‘लॅन्सेट’ने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला : श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लॉरींच्या हाताखाली हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देत असत. जगातल्या सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

आयोगाचा निष्कर्ष चुकीचा होता. 1911 मध्ये इंग्लंडच्या गुडमन लेव्ही यांनी दाखवलं, की भूल अपुरी असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदय एकाएकी थरथरू लागून बंद पडू शकतं. श्वास चालू असतानाही. हैदराबादला प्रयोग शेकड्याने झाले, पण मांडणी अशी होती की हा प्रकार नजरेतूनच निसटला. अनुभव मोठा, पैसा पुरेसा, हेतू प्रामाणिक. तरीही उत्तर चुकलं. म्हणून प्रश्न कसा विचारायचा, तुलना कशाशी करायची, मोजायचं काय, हे आधीच ठरवून मग रुग्णांकडे जाण्याची पद्धत विसाव्या शतकात रुजली. त्या पद्धतीचं फळ आकड्यांत दिसतं. जगभरातले अभ्यास एकत्र करून 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या हिशेबाप्रमाणे निव्वळ भुलीमुळे होणारे मृत्यू 1970 पूर्वी दहा लाखांत 357 होते. 1990 नंतरच्या काळात ते 34 वर आले. मात्र ही घट श्रीमंत देशांत जास्त झाली. आपल्याकडे अजून बराच पल्ला बाकी आहे.

कमी खर्चाच्या, पण तपासून घेतलेल्या गोष्टी

पहिली गोष्ट ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचा उपास. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबसुद्धा नको’ हे आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांचा 1946 चा अभ्यास आहे. भुलीत पोटातलं अन्न किंवा आम्ल उलटून फुप्फुसात जातं आणि रुग्ण दगावू शकतो, हे त्यांनी बाळंतिणींच्या नोंदींवरून दाखवलं. धोका खरा आहे. पण पुढच्या अभ्यासांनी पोट रिकामं व्हायला किती वेळ लागतो हे मोजलं. पाणी, दूध न घातलेला चहा असे नितळ द्रव दोन तासांत पुढे सरकतात. अंगावरच्या दुधाला चार तास लागतात. दूध आणि हलका आहार यांना सहा, तळलेल्या तेलकट खाण्याला आठ किंवा जास्त. आता जगभरचे नियम असेच आहेत. म्हणजे दुपारी बाराच्या ऑपरेशनसाठी आजीला पहाटेपासून तहानलेली ठेवण्यात अर्थ नाही. मात्र तिचा सकाळचा दुधाच्या चहाचा कप ‘नुसता चहाच तर घेतला’ म्हणून लपवणं धोक्याचं, कारण तो दुधातच मोजला जातो. मधुमेहासाठी किंवा वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं घेणाऱ्यांचं पोट सावकाश रिकामं होतं. त्यांनी ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगायला हवं.

दुसरी गोष्ट ऊब. ऑपरेशन थिएटर थंड, अंग उघडं आणि भुलीने शरीराचं तापमान सांभाळण्याची शक्ती मंदावलेली. 1996 मध्ये सेसलर यांच्याच गटाने मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनमधले दोनशे रुग्ण घेतले. काहींना गरम हवेच्या पांघरुणाने ऊब दिली, काहींना नेहमीसारखं ठेवलं. तापमान 34.7 अंशांपर्यंत उतरलेल्यांपैकी 19 टक्क्यांच्या जखमा चिघळल्या, उबेत ठेवलेल्यांपैकी 6 टक्क्यांच्या. मग प्रश्न आला, आणखी ऊब दिली तर आणखी फायदा होईल का? 2022 मध्ये पाच हजारांवर रुग्णांच्या अभ्यासाने सांगितलं, की 35.5 अंश राखले तरी पुरे, 37 चा हट्ट धरून जादा काही मिळत नाही. कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं, दोन्ही मोजून कळलं.

तिसरी गोष्ट एक कागद. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी एकोणीस मुद्द्यांची आहे आणि ती तीन थांब्यांवर मोठ्याने वाचायची असते. भूल देण्याआधी : रुग्णाचं नाव काय, ऑपरेशन कोणतं, उजवीकडचं की डावीकडचं, संमती आहे का, कशाची अॅलर्जी आहे का, श्वासमार्ग अवघड वाटतो का, रक्तस्राव जास्त होण्याचा संभव आहे का, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर चालतोय का. सुरी लावण्याआधी : खोलीतल्या सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, अँटिबायोटिक गेल्या तासाभरात दिलं का ते विचारायचं. रुग्णाला बाहेर नेण्याआधी : गॉजचे तुकडे, सुया, हत्यारं मोजून बरोबर आहेत का. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, दिल्लीच्या एका रुग्णालयासह, ही यादी वापरून पाहिली. 2009 मध्ये निकाल आला तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आणि गुंतागुंतीचं 11 वरून 7 टक्क्यांवर आलेलं होतं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ती सक्तीची केली आणि 101 रुग्णालयांचा हिशेब 2014 मध्ये छापला. तिथे म्हणावा असा फरक दिसलाच नाही. बऱ्याच जाणकारांनी याचा एकच अर्थ काढला : यादी वाचून कामाला लागणं वेगळं आणि फॉर्मवर खुणा करून मोकळं होणं वेगळं.

चौथी गोष्ट घरोघरच्या वादाची. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाठीतलं इंजेक्शन बरं की पूर्ण भूल? ‘या वयात पूर्ण भूल झेपायची नाही’ हे वाक्य प्रत्येक नर्सिंग होमच्या बाहेरच्या बाकावर ऐकू येतं. अमेरिका आणि कॅनडातल्या 46 रुग्णालयांत सोळाशे रुग्णांवर हे तपासलं गेलं. 2021 च्या निकालात साठ दिवसांत मृत्यू किंवा चालता न येणं, याचं प्रमाण पाठीतल्या इंजेक्शनच्या गटात 18.5 टक्के आणि पूर्ण भुलीच्या गटात 18 टक्के होतं. सारखंच. म्हणजे कोणती भूल द्यायची ते त्या माणसाचं हृदय, फुप्फुसं, पाठीचा कणा, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या हे सगळं पाहून भूलतज्ज्ञांना ठरवू द्यावं. नातेवाइकांनी एकाचा हट्ट धरायचं कारण नाही.

पण तो अभ्यास अमेरिका-कॅनडाच्या म्हाताऱ्यांचा होता, हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडे पडल्यानंतर दोन-दोन दिवस घरीच शेक घेत राहिलेली, रक्त कमी असलेली, आयुष्यभर चुलीचा धूर गिळलेली आजी येते. तिचं उत्तर तिथून आयात करता येत नाही. ते इथेच शोधावं लागतं. काही बाबतीत ते शोधलंही गेलं आहे. अचानक श्वासनळीत नळी घालणं अवघड झालं तर भूलतज्ज्ञांनी क्रमाने काय करायचं, याची भारतीय परिस्थितीला धरून तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं 2016 मध्ये ‘ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशन’ने प्रसिद्ध केली. त्या लेखाच्या पहिल्या लेखिका टाटा मेमोरियलच्याच डॉ. शीला नैनन मायात्रा.

खोट्या आकड्यांपासून सावध

या क्षेत्राला काळे डागही आहेत. ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर ढिगाने शोधनिबंध लिहिणारे जपानचे योशिताका फुजी यांचे पावणेदोनशेच्या आसपास लेख मागे घेतले गेले. आकडे बनावट होते. इंग्लंडचे भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी संख्याशास्त्राने ते 2012 मध्ये उघड केलं : खऱ्या माणसांची माहिती इतकी सरळसोट असू शकत नाही. जर्मनीच्या योआखिम बोल्ट यांची गोष्ट जास्त गंभीर. सलाईनऐवजी स्टार्चचा द्रव देणं सुरक्षित आहे, असं त्यांचे लेख सांगत. ते लेख मागे घेऊन उरलेल्या अभ्यासांची बेरीज केली तेव्हा गंभीर आजारी रुग्णांत स्टार्चने मृत्यू आणि मूत्रपिंडाची हानी वाढते, असं दिसलं. खोटा आकडा शेवटी कुणाच्या तरी शिरेत जातो.

म्हणून कायद्याचं कुंपण लागतं. भारतात ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ जुलै 2007 मध्ये सुरू झाली आणि 2009 पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे बंधनकारक झाली. अभ्यास सुरू होण्याआधीच काय मोजणार ते जाहीर करावं लागतं, म्हणजे नंतर सोयीचं तेवढंच दाखवता येत नाही. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. 2019 च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीला नैतिकता समितीची परवानगी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. अभ्यासात येण्याचं तुम्हाला कोणी विचारलं, तर कळेल अशा मराठीत माहितीपत्रक मागा, नोंदणीचा क्रमांक विचारा, सही केलेल्या संमतीपत्राची प्रत घ्या. नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला आहे. मधूनच बाहेर पडायचाही आहे. दोन्हींमुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

आणि हे सगळं नीट असेल तर हो म्हणण्याचाही विचार करा. त्या सोळाशे स्त्रियांनी हो म्हटलं म्हणून आज आपल्याला एक उत्तर मिळालं. त्यातल्या निम्म्यांच्या वाट्याला इंजेक्शन आलं नाही. त्यांचा वाटा तेवढाच मोठा आहे, कारण त्यांच्याशिवाय तुलनाच झाली नसती.

अंबरनाथकरांसाठी

9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी राज्यातली दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू केली, त्यांत अंबरनाथचंही आहे. शिलाहारांच्या काळातल्या, 1060 सालच्या शिवमंदिराचं आणि कारखान्यांचं हे गाव आता डॉक्टर घडवणार आहे. उद्या इथे भूलशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आलं, तर प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागेल. तो प्रबंध पदवीपुरता न राहता इथल्या रुग्णांचे प्रश्न घेऊन लिहिला जावा : एमआयडीसीतल्या रसायनांत आयुष्य काढलेल्या कामगाराची फुप्फुसं भुलीला कसं तोंड देतात, रक्त कमी असलेल्या बाळंतिणीला पाठीतल्या इंजेक्शननंतर रक्तदाब किती उतरतो, उपाशी राहण्याच्या सूचना घरी नीट समजतात का. यांतल्या एकाही प्रश्नाला कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. प्रामाणिक नोंद आणि धीर एवढंच लागतं. टाटाच्या अभ्यासाने तेच सिद्ध केलं.

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. आपल्या भागातल्या लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून येतात, एका ठिकाणचं काम आटपून दुसरीकडे जातात. त्यामुळे पुष्कळ रुग्ण त्यांना पहिल्यांदा पाहतात ते थेट टेबलावर. ऑपरेशन आधी ठरलेलं असेल, तर भूलतज्ज्ञांची भेट एक दिवस आधी मिळावी म्हणून आग्रह धरा. फिजिशियनचा ‘फिटनेस’चा कागद त्या भेटीची जागा घेऊ शकत नाही. भेटीत काही लपवू नका. विडी, गुटखा, मशेरी, दारू, आयुर्वेदिक काढे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, घोरणं, पूर्वीच्या ऑपरेशनच्या वेळी झालेला त्रास, घरात कुणाला भुलीत काही झालं असेल तर तेही सांगा. हलणारा दात आणि कवळी दाखवा. नखांना रंग असेल तर पुसून जा, कारण बोटावरचा ऑक्सिमीटर त्यातूनच ऑक्सिजन वाचतो. शेवटी तीन प्रश्न विचारा : मी काय आणि कधीपर्यंत पिऊ शकते किंवा शकतो? ऑपरेशनभर भूलतज्ज्ञ माझ्यापाशी असतील ना? सुरक्षा यादी इथे मोठ्याने वाचतात का? हे विचारायला कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि चांगला डॉक्टर या प्रश्नांनी कधीच दुखावत नाही.